तोंतोंची खुर्ची

आमच्या संस्थेत तोंतोंसाठी एक खुर्ची ठेवली होती. लोखंडी हातांची, हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली. तीन महिन्यांत ते तिच्यावर एकदाच बसले. ते बसले त्या दिवशी मी मात्र उभी होते, आणि तशी उभी मी आजवर कुठेच राहिलेली नाही. शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं तेव्हाही नाही.

एरवी ती खुर्ची त्यांची पिशवी आणि रुमाल सांभाळायची. ते चालत असायचे. वर्गात चालत, जिन्यात चालत, गॅलरीत चालत. हजेरीपटावर सही करायची तर पट भिंतीला टेकवून उभ्यानंच करायचे. चहा बशीत ओतून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत प्यायचे, आणि थेंब सांडायचा नाही. त्यांना बघून आपले पाय दुखायला लागत. पहिल्याच आठवड्यात मी वैतागून म्हटलं, "बसा ना जरा. गरगरतं मला."

"बसल्या माणसाची फक्त जीभ हालते, मॅडम," ते म्हणाले. "तुमचं पाहूनच राहिलो ना मी."

आता मला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा मी छत्तीसगडात छत्तीस वर्षांची होते, नागपूरच्या कॉलेजातलं एम.ए. इंग्रजी पदरात होतं, नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी होता, सेक्टर दहाचं क्वार्टर होतं आणि डोक्यावर गॉगल होता. डोळ्यांवर नाही, डोक्यावर. तो डोळ्यांवर का लावायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

संस्था म्हणजे पावर हाउसच्या बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खाली साड्या, वर इंग्रजी. इंग्रजीची बाई मीच आणि कचेरीची कारकूनही मीच. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जो तो काहीतरी नवं उघडत होता. आमच्या संचालक साहेबांनीही कुठून तरी एक काम आणलं. पश्चिम आफ्रिकेतून अकरा जण इकडे यंत्रकाम शिकायला येणार. त्यांना येतं फक्त फ्रेंच. आधी तीन महिने त्यांना इंग्रजी शिकवा. फ्रेंच आमच्या सात पिढ्यांत कोणाला येत नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं, शेजारच्या दुर्गला मोहन नगरात एक रिटायर फिटर आहे, तो कंपनीकडून अल्जेरियात चार वर्षं राहून आलाय, फाडफाड फ्रेंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी ते सायकल दामटत आले. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशाला पेन नाही, आणि उजव्या हाताचा अंगठा काळा. म्हणजे कायमचा काळा. रिटायर झाले तरी घरी काही ना काही घासत बसलेले... चुकलं, घासत उभे असलेले. लोखंडाची भुकटी आणि तेल त्या अंगठ्यात इतकं मुरलं होतं की ते ज्या कागदाला हात लावत त्यावर ठसा उमटे. माझ्या लॅमिनेट केलेल्या तक्त्यांवर उमटला, हजेरीपटावर उमटला, संचालकांच्या पांढऱ्या दारावर उमटला.

फ्रेंच ते बोलायचे भंडाऱ्याच्या हेलात. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण हेल ओळखता यायचा. वाटायचं, आता हा माणूस फ्रेंचमध्ये धानाच्या बांध्यांची गोष्ट सांगतोय. त्या अकरा जणांना मात्र पहिल्या मिनिटात कळलं. परक्या गावात आईच्या भाषेसारखं काहीतरी ऐकू आल्यावर माणसाचा चेहरा कसा सैल होतो, तसे अकरा चेहरे सैल झाले. लगेच ते त्यांना 'तोंतों' म्हणायला लागले. तोंतों म्हणजे काका. मला ते 'मॅडम' म्हणत. मॅडम म्हणजे मॅडमच.

काम असं ठरलं होतं: शब्द मी ठरवायचे, ते फ्रेंचमध्ये समजावणार, मग वाक्यं मी करून घेणार. मी सहाशे शब्दांची यादी केली होती. फूटपट्टीनं रेघा मारून, तीन शाईंत. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, अर्थापुढे शब्दकोशातून उतरवलेला फ्रेंच शब्द. रोज दहा उडवले तरी चाललं असतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी 'फाइल' हा शब्द आला. त्याला तीन अर्थ, म्हणून तीन ओळी. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे दोन मिनिटांचं आहे."

त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला. "कागद चांगला हाय," म्हणाले, त्याच्या चार घड्या केल्या आणि वर्गातलं डुगडुगणारं टेबल उचलून त्याच्या पायाखाली सारला. टेबल एकदम स्थिर. सगळे हसले. फातू सगळ्यात जास्त हसली.

ही फातू त्या अकरांतली. सहा फूट उंच, कपाळ तुळतुळीत, आणि प्रश्न विचारायला कधीही तयार. तिच्याबद्दल पुढे येईलच, कारण माझी जी काही शोभा झाली तिची सुरुवात तिच्यापासून झाली.

मग ते अकरा जणांना फ्रेंचमध्ये काहीतरी बोलले आणि माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "मी यायले म्हटलं, तुमच्या गावात तीन पोरी हायेत. एकीचं नाव लीम, एकीचं दोसिए, एकीचं फिल. इंग्रजांच्या गावात बी त्याच तीन पोरी, पण तिघींचं बी नाव फाइल. आता हाक मारली तं कोण येईन?"

"संदर्भावरून कळतं," मी एम.ए.च्या आवाजात म्हटलं.

"आधी तिघींची ओळख तं होऊ द्या," ते म्हणाले. "घरी जाऊन भेटा लागते."

तिथून पुढे तीन आठवडे वर्गात दुसरा शब्द झाला नाही.

त्यांची पद्धत सांगते. आपल्याकडे पोरगं विचारतं, 'सर, ह्याचा अर्थ काय?' त्यांच्या वर्गात तो प्रश्न बंद. त्यांनी त्या अकरा जणांना आपल्या बोलीतले दोन शब्द शिकवले होते: 'कुठी हाय?' शब्द फळ्यावर आला की अकरा जण एका सुरात विचारत, "कुठी हाय?" आणि तोंतों पिशवी उचलून चालू लागत. जिथे ती वस्तू असेल तिथे जायचं, हातात घ्यायची, तिनं करायचं ते काम करायचं, मगच तिचं नाव उच्चारायचं. हात लागल्याशिवाय तोंडाला परवानगी नाही.

पहिली ओळख लीमची, म्हणजे कानशीची. त्या दिवशी त्यांनी त्याच टेबलाला आपला घरचा वाइस, म्हणजे लोखंडी पकड, घट्ट बसवला, त्यात लोखंडाची पट्टी अडकवली आणि पिशवीतून एक लांब कानस काढली. एकेकाला पुढे बोलावून घासायला लावलं. खरखर, खरखर. खाली साडीवाल्याच्या गिऱ्हाइकांनी वर बघायला सुरुवात केली. मधूनमधून ते हात धरून थांबवत आणि फ्रेंचमध्ये तेच तेच सांगत. नंतर मलाही सांगितलं, मराठीत.

"जातानी जोर द्याचा, येतानी उचलाची. येतानी बी घासली तं कानशीचे दात जातात. नवीन माणूस दोनी बाजूनं जोर लावते. या, तुमी बी या."

मी हात मागे घेतले. त्या दिवशी मरून नेलपॉलिश होतं. "मला अर्थ माहीत आहे," मी म्हटलं.

"अर्थ तं मले बी माहीत होता," ते म्हणाले, "चाळीस वर्षं हातात धरली तवा ओळख झाली." आणि पुढे गेले.

दुसरी ओळख फिलची, म्हणजे रांगेची. हिचा किस्सा अजूनही बाजारातल्या जुन्या लोकांना आठवतो. त्यांनी खालच्या दुकानातून सुतळीचा गुंडा आणला. एका टोकाला स्वतः, मागे एकामागे एक अकरा जण, प्रत्येकाच्या हातात सुतळी, आणि ही वरात भरदुपारी पावर हाउसच्या बाजारातून स्टेशनच्या बाजूला निघाली. ऑटोवाले थांबले. एका बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा सोडून डोकं बाहेर काढलं. भाजीवाली बाई वर गॅलरीत उभ्या असलेल्या मला विचारते, "ए मन कहाँ जावत हें, दाई?" कुठे निघाली ही मंडळी, म्हणून. मी गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर ओढला आणि त्यांना ओळखत नसल्यासारखी उभी राहिले. गॉगलचा तो पहिला खरा उपयोग.

परत आल्यावर त्यांनी सुतळी टेबलावर ठेवली आणि माझ्या कपाटातली एक फाइल मागून घेतली. तिचा हिरवा टॅग बोटानं उचलून दाखवला. टॅग म्हणजे कागदांच्या भोकांतून ओवतात ती दोन टोकांना पत्र्याची काडी असलेली नाडी. एका हातात टॅग, एका हातात सुतळी. मला म्हणाले, "पाहा मॅडम, या दोघी जुन्या बहिणी. एकीत माणसं ओवलेली, एकीत कागद. जुन्या काळी कागदं दोऱ्यातच ओवत. कानस बाहेरची. तिचं यायच्यासंगं काई नातं नाही, नुसतं नाव एक."

शब्दकोश काढून मी घरी चोरून पाहिलं. बरोबर होतं. मला त्याचाच जास्त राग आला. एम.ए. मी केलं होतं, आणि हे दोऱ्याचं मला कोणी शिकवलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी जळत होते. वर्ग माझा, यादी माझी, तीन शाई माझ्या, आणि पोरं त्यांच्या मागे. त्यातच एक दिवस मी फातूला एकटीला गाठलं आणि म्हटलं, चल, आपण पुढचे शब्द करू. तिच्यापुढे माझा तक्ता ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी अगदी अदबीनं धरला, वरून खालपर्यंत वाचला, मागे उलटून पाहिला. मग मला परत दिला आणि विचारलं, "मॅडम, कुठी हाय?"

टवाळी नव्हती तिच्या आवाजात. ती खरंच विचारत होती. मी तक्ता कपाटात परत ठेवला.

त्याच आठवड्यात तोंतोंनी मला एक गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर माझं पाप हलकं असतं. गॅलरीत फेऱ्या मारत, बशी तोंडाला लावत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरगा पुण्याले राहते. सातव्या मजल्यावर. बायको गेली तवापासून मांगं लागला हाय, बाबा या, बाबा या. सातव्या मजल्यावर मी काय करू? चार खोल्या. एकीकडून निंघालो का भिंत."

"मग जात का नाही?" मी विचारलं.

"त्याले सांगितलं, माहा वर्ग हाय. वर्ग संपला का येतो. वर्ग हाय तवलोक पोरगी बी मले तिच्या घरी मोहन नगरात राहू देईन. तीन महिने तं तीन महिने." मग थांबले. म्हणजे पाय थांबले. ते किती क्वचित थांबत ते आता तुम्हाला ठाऊक आहे. "तीन महिने लई झाले, मॅडम, या वयात."

म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं की वर्ग गेला तर हा माणूस कुठे जाणार. आणि ते ठाऊक असताना, दोन दिवसांनी, मी टाइपरायटरवर कागद चढवला.

निनावी तक्रार. खाली 'एक हितचिंतक'. इंग्रजी असं की आमच्या विभागप्रमुखांनी पाठ थोपटली असती. तीन आठवड्यांत एकच शब्द. परदेशी विद्यार्थ्यांना दोरी बांधून बाजारात फिरवलं. संस्थेचं नाव खराब. योग्य ती कारवाई व्हावी. कागद पाकिटात घातला आणि सकाळी लवकर येऊन संचालकांच्या दाराखालून सरकवला. मग जिना उतरले. मला वाटलं, मी किती हुशार आहे.

आता माझ्या हुशारीची कथा ऐका. माझे वडील प्लांटमध्ये हेडक्लार्क. लहानपणी मला त्यांनी पाढ्यांच्या आधी एक गोष्ट शिकवली: कागद तयार झाला की आधी विषय, मग संदर्भ, वर कोपऱ्यात पान नंबर, नंबरखाली छोटी सही. नंबर नसलेला कागद अनाथ, म्हणायचे ते. तो धडा माझ्या बोटांत होता, डोक्यात नव्हता. त्यामुळे त्या निनावी तक्रारीवर हितचिंतकानं विषय लिहिला होता. संदर्भ म्हणून आमच्या कपाटातल्या तोंतोंच्या फाइलचा नंबर दिला होता. त्या फाइलीत तेरा पानं होती, म्हणून कोपऱ्यात चौदा घातले होते. आणि चौदाच्या खाली माझी छोटी सही ठोकली होती. निळ्या शाईत. शेपूट वर वळवून.

मला काही आठवत नव्हतं. बोटांनी केलं, बोटं विसरली.

संचालकांच्या लक्षात आलं नाही. ते कागद वाचत नसत, कुठे सही करायची ते शोधत. त्यांनी मला बोलावलं. "मैडम, ये देखिए, शिकायत आई है. फाइल में लगा दीजिए. शनिवार को बारह बजे बैठता हूँ. सही निकला तो मिस्त्री को छुट्टी दे देंगे, आप अकेली संभाल लेना."

मी "जी सर" म्हटलं आणि दारातच कागद पालथा घालून पंच केला, न बघता. चोराला आपलंच तोंड आरशात बघवत नाही, तसं.

शनिवारी सकाळी तोंतों आले ते नेहमीपेक्षा खुशीत. आज तिसरी ओळख होती, दोसिएची. फळ्यावर शब्द लिहिला. अकरा जण ओरडले, "कुठी हाय?" आणि ही मंडळी वर्गातून उठून शेजारच्या खोलीत, माझ्या टेबलाभोवती येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक फाइल द्या."

मी कोरी, नवी, पुठ्ठ्याची फाइल काढून दिली. त्यांनी ती उघडली, मिटली, परत केली. "ही तं पोट रिकामं असलेली. भरलेली द्या."

मी विजेच्या बिलांची दिली. तीही परत. "याच्यात कोणाचं काई अडकलं नाही. फाइल कोणती पाह्यजे, जिच्यात कोण्या माणसाचा जीव अडकला हाय अशी. तवा समजते यायले, तिले हात लावतानी हात कावून जड होते."

आणि टेबलावर, बारा वाजताच्या बैठकीसाठी, मीच काढून ठेवलेली फाइल होती. वर त्यांचं नाव. त्यांनी ती उचलली.

मी "ती नको" म्हणायला तोंड उघडलं. नुसती उठले. उभी राहिले, टेबल धरून.

ते पानं उलटत गेले आणि फ्रेंचमध्ये एकेक सांगत गेले. मधूनमधून माझ्यासाठी मराठी. हा अर्ज. हे नेमणुकीचं पत्र. हा टॅग, तीच सुतळीची बहीण, आठवते ना? पान अकरा, बारा, तेरा. मग चौदावं आलं.

त्यांनी ते वाचलं. सावकाश. त्यांचा चेहरा बदलला नाही, पाय बदलले. ते या पायावरून त्या पायावर व्हायचे थांबले. डोळे खालपर्यंत गेले, 'हितचिंतक'वर टेकले, आणि मग सवय असलेल्या कारागिरासारखे वर, कोपऱ्यात गेले. तिथे थांबले. आणि त्याच क्षणी मलाही, टेबलाच्या या बाजूनं, उलटं, ते निळं शेपूट दिसलं.

माझ्या कानांत खालच्या दुकानातला साड्यांचा भाव ऐकू येत होता.

फातू त्यांच्या खांद्यावरून वाकली. तिला इंग्रजी वाचायचं होतं. तोंतोंनी कागद तिच्याकडे केला, पण कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला. तो काळा अंगठा. चांगला दाबून. तिनं वाचलं, बाकीच्यांनी वाचलं. कळेल तेवढं कळलं आणि खोलीत एकदम कालवा सुरू झाला. एक जण मुठी आवळून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारत होता. ते समजायला फ्रेंच यायची गरज नव्हती. कोणी लिहिलं?

ते मान हलवून बोलले आणि मग मला सांगितलं, अगदी रोजच्या आवाजात, "मी म्हटलं, कोणी लिहिलं ते सोडा. इंग्रजी पाहा कसं फर्स्ट क्लास हाय. एक बी चूक नाही." अंगठा कोपऱ्यावरच. "पण फाइल अधुरी हाय, मॅडम. तक्रार हाय, जवाब नाही. एका बाजूचा कागद ओवला, दुसऱ्या बाजूचा कुठी हाय?"

मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावरची पिशवी खाली ठेवली, आणि बसले.

अकरा जण मागे सरकले. मला वाटतं, त्यांना माझ्या कागदापेक्षा हे जास्त भीतीदायक वाटलं. तोंतों बसलेत. त्यांचे गुडघे त्या खुर्चीत कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. टाच जमिनीवर टकटक वाजत होती. त्यांनी माझंच पेन मागून घेतलं. लिहायला पाच मिनिटं लागली असतील. मी उभी. कोणी मला बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते.

कागद माझ्यापुढे सरकवला. "नंबर टाका," म्हणाले. "पंधरा."

माझा हात उचलला गेला नाही. त्यांनी एक क्षण वाट पाहिली, मग स्वतःच कागदाला भोकं पाडून टॅगात ओवला. बारा वाजले होते. संचालक आले, बसले, आणि पहिल्यांदाच, गर्दी पाहून असेल, कागद वाचला. मोठ्यानं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तोंतोंनी लिहिलं होतं: 'जे लिहिलं ते सर्व खरं आहे. तीन आठवडे, एक शब्द. माझी एक विनंती. हितचिंतकानं एक दिवस सुतळी धरून आमच्यासंगं चालावं. मग ते जे लिहितील ते मला मान्य.'

"ये हितचिंतक है कौन?" संचालक म्हणाले. "मैडम, आपको कुछ पता?"

इथे कथेतल्या नायिकेनं पुढे होऊन कबूल करायचं असतं. मी नायिका नव्हते. मी म्हटलं, "सर, हितचिंतक मिळेपर्यंत... संस्थेच्या वतीनं मी चालून बघते."

भेकडपणालाही किती छान इंग्रजी येतं ते मला त्या दिवशी कळलं, कारण मी हे इंग्रजीत म्हटलं.

संचालकांनी खांदे उडवले. "ठीक है. आप रिपोर्ट दीजिए." तोंतोंनी सुतळीचं शेवटचं टोक माझ्या हातात दिलं.

सोमवारी मी रांगेच्या शेपटीला होते, टाचांच्या सँडलमध्ये, पुढे फातूची पाठ. भाजीवालीनं मला ओळखलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसली. रूळ ओलांडायच्या पुलावर माझी एक टाच तुटली. सुतळी ताणली गेली. पुढे अकरा जणांना ती ओढ लागली आणि सगळी रांग माझ्यासाठी थांबली. तोंतों सगळ्यात पुढून परत आले. त्यांनी माझी सँडल हातात घेतली, उलटी केली, पिशवीतून कानस काढली आणि तुटलेली टाच तिथेच पुलावर, कठड्याला टेकवून, घासायला लागले, उरलेली टोकदार कड गुळगुळीत करायला. मग ती माझ्याच हातात दिली.

"घ्या. तुमी घासा."

मी घासली. लोक जात होते येत होते. मी दोन्ही बाजूंनी जोर लावत होते.

"येतानी उचला, पोरी," ते हळू म्हणाले. मॅडम नाही म्हणाले. "येतानी उचला."

बस, एवढंच. त्या कागदाबद्दल ते माझ्याशी आयुष्यात तेवढंच बोलले, आणि ते त्या कागदाबद्दल होतं की सँडलबद्दल, हेही मी कधी विचारलं नाही. रिपोर्ट मी एका ओळीचा दिला: वर्ग चालू ठेवावा.

वर्ग तीन महिने पूर्ण चालला. एकूण शब्द झाले असतील साठ-सत्तर. परीक्षेत ते अकरा जण जेमतेम पास झाले, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल चमत्कार झाला. फातू मात्र तोंडी परीक्षेत परीक्षकाचं पेन काढून घेऊन आली होती. म्हणाली, हातात घेतल्याशिवाय नाव सांगत नाही. शेवटच्या दिवशी तोंतोंनी वाइस काढला, पिशवी भरली, आणि कानस माझ्या टेबलावर ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात पुण्याला गेले. तिथून एकदा फोन आला होता. "लिफ्ट हाय, पण मी जिन्यानं चढतो-उतरतो," म्हणाले. "सातवा मजला बी काई वाईट नाही, मॅडम. खाली जाले काम भेटते." त्या फोनवर मी सांगू शकले असते. हवापाण्याचं बोलले.

काही वर्षांनी मोहन नगरातली त्यांची मुलगी बाजारात भेटली, तिच्याकडून कळलं, ते गेले. सकाळी फिरायला निघाले होते, म्हणाली. अर्थात.

मागच्या महिन्यात संस्था बंद झाली. संचालकांच्या मुलानं मला फोन केला, "आंटी, पुरानी फाइलें रद्दी में दे रहा हूँ, आपको कुछ चाहिए?" मी जिना चढून गेले, गुडघे कुरकुरले, पण गेले. एकच फाइल घेऊन आले.

घरी नातीनं ती उघडली. नऊ वर्षांची आहे, मराठी घरापुरती, बाकी सगळी हिंदी. चौदावं पान बघून म्हणाली, "आजी, ये किसने लिखा? नाम तो है ही नहीं. और यहाँ किसी ने गंदा हाथ लगा दिया."

कोपऱ्यात काळा ठसा होता. एवढ्या वर्षांत तेल कागदात उतरलं होतं. आकडा आणि त्याखालची निळी सही, दोन्ही त्याच्या खाली गेले होते. मी चष्मा लावून, उजेडात धरून, तिरपं करून पाहिलं. काही दिसत नाही. अंगठा अजून कोपऱ्यावरच आहे.

पंधराव्या पानाच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. कोरा.

मी नातीला म्हटलं, "आण तुझं पेन. निळंच आण." टेबलाशी बसले, मग उठले आणि उभ्यानंच, फाइल भिंतीला टेकवून, आधी त्यांच्या कागदावर पंधरा घातले. मग एक पान मागे गेले आणि 'हितचिंतक' खोडून खाली नाव लिहिलं. छोटी सही नाही. पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरात.

नात वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्याकडे बघत उभी राहिले.